हा एवढाच राहतो

(दृश्य: गिरगावातली चाळ, सकाळची उन्हं. गॅलरीच्या कठड्याशी पांढरा ससा.)

मागून ऊन आलं की सशाचा कान असा दिसतो. गुलाबी, आणि मधोमध एक शीर, पिंपळाच्या जाळीदार पानासारखे फाटे फुटलेली. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः याच दोन कानांतून. मुंबईच्या मे महिन्यात ते किती कामाचे, हे या गॅलरीत दोन तास उभं राहिल्यावर आम्हालाही पटलं.

हा बत्ताशा. वजन सव्वाचार किलो, खालच्या वाण्याच्या काट्यावर केलेलं. चार वर्षांपूर्वी तळहातावर मावत होता, आणि विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘काकू, हा एवढाच राहतो.’ त्या दुकानात कॅमेरा काढू दिला नाही, तेव्हा ते सोडून पुढे जाऊ.

बत्ताशा न्यूझीलंड व्हाइट, निदान त्या वळणाचा तरी. नाव न्यूझीलंडचं, जात घडली अमेरिकेत. मांसासाठी आणि प्रयोगशाळांसाठी वाढवलेली, म्हणजे कुणी कौतुकाने मांडीवर घ्यावं म्हणून नव्हेच. डोळे लाल, कारण बुबुळात रंगच नाही. दिसतं ते आतलं रक्त. पाहुणे दचकतात. पण आता नीट बघा, हे दृश्य आम्ही संथ केलंय. पलंगावर उडी घ्यायच्या आधी तो मान डावी-उजवीकडे डोलावतो. अशा डोळ्यांना अंतराचा अंदाज कमी, म्हणून आधी मोजमाप. आणि मग उडी.

(दृश्य: मुलुंड. फरशीवर पसरलेला, लोंबत्या कानांचा ससा.)

मुलुंडचा लाडू. हॉलंड लॉप. दोन्ही पंजांनी कान खाली ओढतो, न्हाऊन आलेल्या बाईने शेपटा पुढे घ्यावा तसा, आणि टोकापर्यंत चाटत जातो. हे आम्ही इतक्या वेळा टिपलं की निवडताना भांडणं झाली.

हा कान माणसाने हट्टाने घडवलेला आहे. नेदरलँड्समध्ये टिलबर्ग गावी आड्रियान द कॉक नावाचे सशांचे शौकीन होते. १९४९ साली त्यांच्या मनात एक जोडी आली. एकीकडे फ्रेंच लॉप: पाच किलोच्या आसपासचं धूड, लोंबते कान, शांत डोकं. दुसरीकडे नेदरलँड ड्वार्फ: जेमतेम किलोभराचा, उभ्या कानांचा, बारीकसारीक आवाजाला उडणारा. पिल्लं झाली, तर कान सगळ्यांचे उभे. मग इंग्लिश लॉपचं रक्त घातलं. त्याचे कान इतके लांब की चालताना जमिनीवर लोळतात. तिथून पुढे दर पिढीत लहानातलं लहान आणि कान पाडणारं पिल्लू निवडायचं, जोडी लावायची, वाट बघायची. पंधरा वर्षं हेच. १९६४ मध्ये त्यांच्या देशात या जातीला मान्यता मिळाली, आणि आज मोठा झालेला हॉलंड लॉप दोन किलोच्या आत बसतो.

स्वभावही बराचसा फ्रेंच लॉपवर गेला. लाडू मुलांच्या गराड्यात आडवा पडून असतो. उचललेलं मात्र त्यालाही खपत नाही. ते कुठल्याच सशाला खपत नाही. लोंबत्या कानात मळ साचतो, चपट्या तोंडात दात वाकडे वाढतात, डॉक्टरकडे खेपा होतात.

याच घरातली ही चिंगी, नेदरलँड ड्वार्फ. गोल डोकं, दोन इंचांचे कान. पाच वर्षांची आहे, पण चेहरा अजून पिल्लाचा. लोक भुलतात ते यालाच. आम्ही कॅमेरा लावून बसलो होतो आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. (मूळ आवाज येऊ द्यावा.) धप्प! मागच्या पायाने फरशी बडवून घरभर इशारा. आभाळ पडलं म्हणून पळत सुटलेला तो गोष्टीतला ससा याच जातीचा असणार. लाडूने डोळाही उघडला नाही. चिंगीला एवढीशी ठेवणारं ठेंगणेपणाचं जनुक आईबाप दोघांकडून आलं, तर ते पिल्लू काही दिवसांतच दगावतं.

(दृश्य: दादर. खिडकीत बसलेला, आयाळवाला ससा.)

शेरू, लायनहेड. ही बेल्जियमकडची जात. अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती थेट २०१४ मध्ये. आयाळीचं जनुक दुहेरी, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेलं असेल, तर आयाळ टिकते. एकेरी असेल तर पिल्लूपणी सिंह आणि मोठेपणी साधा ससा, हेही घडतं. लोकरीचा अंगोरा वेगळा. तो थंड हवेचा; कुल्लूजवळ गारसा इथे त्याचं सरकारी केंद्र आहे. त्याला मुंबईत आणूच नये.

शेरूचे आजोबा रोज सकाळी त्याला विंचरतात. आधी बोटांनी गाठी सोडवायच्या, मग रुंद दातांची फणी, मग बारीक. निघालेली लोकर वर्तमानपत्रावर ठेवतात, उडू नये म्हणून त्यावर चष्म्याची डबी. एवढा खटाटोप का, तर ससा अंग चाटतो आणि केस पोटात जातात. मांजरासारखे ते ओकून टाकता येत नाहीत. त्यावर उतारा म्हणजे वाळकं गवत, भरपूर. इथे जोडीला फुलबाजारातून आणलेली दुर्वांची जुडी. ‘गणपतीची एकवीस, बाकी याची,’ आजोबा म्हणतात. स्वभाव? लहरी. फणीला चावतो, आजोबांना नाही.

जात काहीही असो, चार-सहा महिन्यांचा नर वयात आला की सोफ्यावर मुताची पिचकारी मारतो; नसबंदी केली की बहुतेक निवळतो.

(दृश्य: पुन्हा गिरगाव. दुपार. गोणपाट गुंडाळलेली बर्फाची बाटली.)

बत्ताशाची ही रोजची जागा, बाटलीला टेकून. चाळीतली चार पोरं भोवती आहेत. एकाने कान धरून पाहिला, दुसऱ्याने शेपटी. तो उठून गेला नाही. तीन घरांत आमचं चित्रीकरण झालं, त्यात कॅमेऱ्याला नाक लावून वास घेणारा हा एकटाच.

काकू कपाळावरून हात फिरवताहेत. सशाला म्हणण्यासारखा आवाज नसतो. पण माइक जवळ नेला आहे. गॅलरीतला पंखा बंद केला आहे.

(निवेदन थांबेल. दातांवर दात हलकेच घासल्याचा आवाज.)