हाताला काम काय असेल?

नमस्कार, श्रोतेहो.

1987 सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी साताऱ्याला मामाच्या दुकानात बसायला लागलो. पोवई नाक्याजवळचं दुकान, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं एवढं. भिंतीला लावून तबकड्यांची चवड, टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, त्याला जोडलेले दोन कॅसेट डेक, आणि बाहेर हातानं रंगवलेली पाटी : ‘आपल्या आवडीची गाणी भरून मिळतील.’ लोक वहीच्या पानावर यादी आणि सोबत कोरी कॅसेट आणायचे, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचे. कायद्याच्या हिशेबात तो गुन्हा होता. 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यातली शिक्षा वाढवलीही होती. पण अशी दुकानं गावोगावी उघडपणे चालत, आणि आमच्याकडे यादी घेऊन येणाऱ्यांत एक हवालदारही होते. त्यांना जुनी नाट्यगीतं लागत.

यादी आणणारी गिऱ्हाइकं सोपी. अवघड ती, जी नुसती कॅसेट पुढे करून म्हणायची, ‘जरा बरं वाटेल असं काहीतरी भरा.’ किंवा, ‘भक्तिगीतं नकोत, पण तसलंच शांत काहीतरी.’ मूड हा शब्द तेव्हा कॉलेजातली मुलं वापरायची. मामानं तो कधी तोंडातून काढला नाही. तो दोनच प्रश्न विचारायचा. ‘ऐकणार कधी?’ आणि ‘ऐकताना हाताला काम काय असेल?’

मला वाटायचं, मामा उगाच चांभारचौकशा करतो.

एकदा मामा कोऱ्या कॅसेटी आणायला पुण्याला गेला होता आणि दुकानात मी एकटाच. पन्नाशीच्या एक बाई आल्या. लेकीचं लग्न होऊन महिना झाला होता, लेक बडोद्याला. ‘घर खायला उठतं रे बाळ,’ म्हणाल्या, ‘काहीतरी चांगलं भरून दे.’ मी मोठ्या उत्साहानं ठेक्याची, हसरी आठ गाणी एका बाजूवर भरली. तिसऱ्या दिवशी बाई परत. ‘गाणी छानच आहेत रे. पण दुसऱ्या गाण्यालाच बंद केली. दारात उभं राहून कुणीतरी मोठमोठ्यानं हसतंय असं वाटायला लागलं.’

मामा तोवर परतला होता. त्यानं विचारलं, ‘वहिनी, ऐकता कधी?’

‘दुपारी साडेतीन-चारला. तांदूळ निवडत बसते तेव्हा. त्या वेळेला ती कॉलेजातून यायची ना.’

मामानं माझी सगळी गाणी पुसली. पहिली दोन संथ घातली, भीमपलासाच्या वळणाची. आपल्याकडे त्या रागाची वेळच दुपारची. तिसरी एक अंगाई. चौथ्याला जरा लय आली, पाचव्याला तबला मोकळा झाला, आणि असं करत करत आठवं चक्क कोळीगीत. मी म्हटलं, ‘मामा, रडणाऱ्या माणसाला आणखी रडकं गाणं?’ तो म्हणाला, ‘जो जिथं बसलाय तिथं जाऊन आधी त्याच्या शेजारी बसावं लागतं. उठवायचं नंतर.’

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की अमेरिकेत इरा आल्टशुलर नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी 1940 च्या दशकात हीच गोष्ट रुग्णांसाठी मांडली होती. आधी रोग्याच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत, मग हळूहळू त्याला न्यायचं त्या दिशेला. त्याला त्यांनी आयसो तत्त्व म्हटलं. संगीतोपचार करणारे आजही ते वापरतात. मामाला यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं.

त्याचं ज्ञान कुठून आलं असेल, याचा मी विचार केला आहे. आजी जात्यावर बसायची तेव्हा तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा, हे तो नेहमी सांगे. बघा ना, आपली जुनी गाणी हाताच्या कामालाच बांधलेली. जात्यावरची ओवी, मोटेवरचं गाणं, शेतात कामाच्या ओळीला भलरी, पाळण्याची दोरी हातात असली की अंगाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करून घेतल्या, त्या भरल्या एक लाखाच्या वर. त्या बायकांना ‘आज तुमची मनःस्थिती काय?’ असं कुणी विचारलं नव्हतं. पहाटेची वेळ होती, हातात खुंटा होता, मनातलं आपोआप दळणासारखं बाहेर पडत होतं.

आणि क्रम? तोही आपल्या रक्तात आहे. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, आणि नंतर वग, म्हणजे मुख्य नाटक. वग आधी लावून बघा, पब्लिक फेटे उडवायच्या ऐवजी ते बांधून घरी निघेल. मैफलीत भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. मामाच्या कॅसेटीत भैरवीतलं गाणं पहिल्या नंबरावर कधीच नसायचं.

आता थोडं हिशेबाचं. आमच्याकडे बहुतेक सी-60 कॅसेट चालायची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, तेव्हा अर्ध्या तासाची फीत भरते साधारण 86 मीटर. जुनी फिल्मी गाणी सव्वातीन-साडेतीन मिनिटांची, कारण मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तेवढंच मावायचं. म्हणजे आठ गाणी, अठ्ठावीस मिनिटं. नववं घालायचा मोह झाला की ते अंतऱ्यातच तुटणार. नवशिक्याची कॅसेट ओळखू यायची ती याच तुटलेल्या नवव्या गाण्यावरून. उरलेल्या दीड-दोन मिनिटांसाठी मामाकडे बासरीचे, सतारीचे छोटे तुकडे वेगळे काढून ठेवलेले असत.

मालमोटार चालवणारे एक पाव्हणे सी-90 मागायला आले, रात्रीच्या प्रवासासाठी. मामानं नको म्हटलं. सी-60 ची फीत साधारण 18 मायक्रॉन जाडीची, सी-90 ची 12 च्या आसपास. केबिनच्या उकाड्यात पातळ फीत ताणते, रुळात गुंडाळते, मग पेन्सिल घालून फिरवत बसा. ‘दोन सी-60 घ्या,’ म्हणाला. आणि नेहमीचे प्रश्न. पाव्हणे म्हणाले, ‘काम काय, स्टिअरिंग. नुसती नाचाची गाणी घालू नका हां. तासाभरात डोकं बधिर होतं, मग झोप दुप्पट येते. मधी मधी मला म्हणता येईल असं एखादं टाका.’ दुसऱ्या बाजूच्या शेवटी दोन मिनिटं उरत होती. तिथं बासरी घालू का, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘राहू दे मोकळी. तेवढ्यात बिडी पेटवतो.’

माझी सगळ्यात जास्त बोलणी मात्र सुरावरून बसली. गाण्याची पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात. काळी दोनमधलं गाणं संपलं आणि लगेच पांढरी तीनमधलं सुरू केलं, तर कान वाकडा होतो. मध्ये अर्ध्या स्वराचंच अंतर, पहिलं गाणं बेसूर झाल्यासारखं वाटतं. काळी दोनवरून काळी पाचवर जा, षड्जावरून पंचमावर गेल्यासारखं अलगद वाटेल. मामा प्रत्येक गाण्याचा शेवटचा सूर गुणगुणत ठेवायचा आणि दुसऱ्या तबकडीवर सुई टाकायचा. पटलं नाही तर दोन गाण्यांत चार-पाच सेकंदांची शांतता जास्त सोडायचा, म्हणजे कानातला जुना सूर विरून जातो. आवाजाची पातळीही तशीच. जुनी तबकडी दबकी वाजणार, नवी अंगावर येणार. तेव्हा डेकवरचा पातळी दाखवणारा काटा बघून बटण फिरवावं लागे. आज तुमच्या मोबाइलमधलं ॲप आवाज सारखा करून देतं. सूर जुळवायचं काम मात्र आपल्याच कानाकडे ठेवलेलं बरं.

तर श्रोतेहो, आज रात्री कुणाला अशी आठ गाणी जुळवायची असतील तर जुळवून बघा. तीसच मिनिटं धरा. ‘दुःखी गाणी’, ‘पावसाळी गाणी’ असं शोधायला जाऊ नका, तिथं हजारभर गाण्यांचा ढीग मिळतो आणि त्यातलं एकही तुमच्यासाठी निवडलेलं नसतं. तुमच्या दिवसातली एक वेळ धरा. भांडी घासतानाची, लोकलमध्ये उभं राहून घरी येतानाची, इस्त्रीची. त्या वेळी मन नेमकं कुठं बसलेलं असतं ते आठवा, पहिलं गाणं तिथलं लावा, अगदी कंटाळ्याचं असलं तरी. मग प्रत्येक गाण्याला एकच पायरी. दोन पायऱ्या एकदम चढवल्या की माणूस बंद करतो, हे मी पदरमोड करून शिकलो आहे. त्या बाईंची कॅसेट मामानं पुन्हा भरून दिली होती फुकट, पण त्याचे पैसे माझ्या खाऊतून वळते केले. आणि हो, गाणी उलटसुलट लावणारं ते शफलचं बटण बंद करायला विसरू नका, नाहीतर कोळीगीत पहिलं यायचं.

त्या बाई पंधरा दिवसांनी दुकानासमोरून जाताना थांबल्या. कॅसेट रोज लागते म्हणाल्या. मामानं विचारलं, ‘वहिनी, दुसरी बाजू कोरीच आहे. आणा, भरून देतो.’ त्या म्हणाल्या, ‘नको, राहू दे. दिवाळसणाला ती येईल, तेव्हा तीच सांगेल काय भरायचं ते.’ मामानं कॅसेटच्या पाठीमागचा प्लास्टिकचा चिमुकला तुकडा, जो मोडला की पुन्हा काही भरता येत नाही, तो फक्त भरलेल्या बाजूचा मोडून दिला. दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी घरी परतलो. दिवाळीत त्या बाजूवर काय भरलं, हे मामाला विचारायचं राहूनच गेलं.

नमस्कार.