आधी परवाना, मग सुरुवात

माणसाच्या सर्वांत लांब गुणसूत्रात डीएनएच्या अक्षरांच्या जवळपास 25 कोटी जोड्या आहेत. पेशी विभागण्याआधी या डीएनएची नक्कल उतरवणारी यंत्रणा मिनिटाला साधारण 2 हजार जोड्या पुढे सरकते. मधोमध सुरुवात करून दोन्ही दिशांना काम चालवलं, तरी या एका गुणसूत्राला चाळीसहून अधिक दिवस लागतील. पेशी सगळीच्या सगळी गुणसूत्रं आठेक तासांत उरकते.

कशी? एकाच वेळी ठिकठिकाणी हात घालून. अशा आरंभाच्या जागा हजारोंनी असतात, आणि खरी पंचाईत इथेच आहे. एखादी जागा चुकून दोनदा सुरू झाली, तर तिथला डीएनए जादा उतरतो, गुणसूत्र तुटूही शकतं. बरं, कुठलं काम झालं आणि कुठलं राहिलं, याची वही पेशीकडे नाही.

(दृश्य: केंद्रक. डीएनएच्या धाग्यावर एकेक कडं चढतं.)

नक्कल सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ओआरसी हा सहा प्रथिनांचा जथा डीएनएवर बसतो. 1992 साली स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांनी तो यीस्टमध्ये शोधला. सीडीसी6 आणि सीडीटी1 या मदतनीस प्रथिनांना हाताशी धरून तो डीएनएभोवती एमसीएम नावाच्या प्रथिनांची दोन कडी चढवतो. पुढे डीएनएचा पीळ हीच कडी उलगडणार आहेत, पण आत्ता ती निपचित. हा झाला परवाना.

मग सीडीके आणि डीडीके ही विकरं कामाला लागतात आणि कड्यांना जाग येते. गंमत पाहा: यीस्टमध्ये हेच सीडीके नवी कडी चढवण्याचं काम बंद पाडतं. आपल्या पेशींत शिवाय जेमिनिन नावाचं प्रथिन सीडीटी1ला जखडून ठेवतं. परवाने वाटायची वेळ वेगळी, वापरायची वेगळी. मग वही हवी कशाला?

सुरुवातीची जागा कशी ठरते, हे कोडं मात्र पुरतं सुटलेलं नाही. बेकरीच्या यीस्टमध्ये ओआरसी ठरावीक अक्षरक्रम हेरतो; माणसात तसा क्रम सापडत नाही. एवढं दिसतं, की डीएनएचे सैल, कामात असलेले भाग बहुधा आधी उतरतात आणि घट्ट गुंडाळलेले मागाहून.

(दृश्य: दोन बाजूंनी सरकत येणाऱ्या नकला.)

कडी गरजेपेक्षा कितीतरी जास्त चढवलेली असतात. वाटेत नक्कल अडली, तर जवळचं राखीव कडं जागं होतं. एरवी शेजारून आलेली नक्कल तिथून पुढे जाते आणि ते कडं न वापरताच डीएनएवरून निघून जातं.