भरवलेलं

वाळूवर हा जो पिसांचा लहानसा ढीग दिसतोय, ते लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचं पिल्लू होतं. मांस गेलं, हाडं पांढरी पडली. पोटात होतं ते मात्र जागच्या जागी आहे: बाटल्यांची झाकणं, एक लायटर, टूथब्रशचा तुकडा.

हे मिडवे. पॅसिफिक महासागरातलं प्रवाळबेट, आशिया आणि उत्तर अमेरिका दोन्हींपासून हजारो किलोमीटर लांब. इथल्या पिल्लाला अजून उडता येत नाही, ते समुद्रावर कधी गेलेलंही नाही. मग हे त्याच्या पोटात आलं कुठून?

आईबापांनी भरवलं.

त्यांना वेड्यात काढू नका. उडणारे मासे तरंगत्या वस्तूंना अंडी चिकटवतात. पाण्यावर ओंडका दिसला की अंड्यांसकट जे मिळेल ते उचलायचं, हे अल्बट्रॉसला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आता ओंडक्याच्या जागी प्लॅस्टिक असतं, एवढंच. अल्बट्रॉसच्या नात्यातले काही पक्षी तर वासावर जातात. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळावर बारके जीव चरू लागले की डायमिथाइल सल्फाइड सुटतं. या पक्ष्यांच्या लेखी तो पंगतीचा वास. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की प्लॅस्टिकचे मणी तीन आठवडे समुद्रात ठेवले तरी त्यांना तोच वास येऊ लागतो. नाक चुकलेलं नाही. वासच खोटा आहे.

उडायला निघण्यापूर्वी अल्बट्रॉसचं पिल्लू न पचलेलं सगळं एकदाच ओकून टाकतं. म्हाकुळांच्या टणक चोचींसाठी निसर्गानं केलेली ही सोय. त्यात थोडं प्लॅस्टिकही बाहेर पडतं. पण त्या दिवसापर्यंत पिल्लू जगायला हवं ना! पोट झाकणांनी भरलं, की अन्नाला जागा उरत नाही.

जे जगतात तेही सुटत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरच्या शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांच्या जठरात प्लॅस्टिक घासून घासून व्रण पडलेले आढळले. २०२३ मध्ये या आजाराला नाव मिळालं: प्लॅस्टिकोसिस. आणि अल्बट्रॉसच्या पिल्लांच्या पोटातलं प्लॅस्टिक? ते १९६०च्या दशकातच नोंदलं गेलं होतं.

आता वर बघा. कित्येक दिवसांनी आई परतली आहे. उतरताना जरा धडपडलीच. शेकडो घरट्यांमधून ती नेमकी आपल्या पिल्लापाशी येते. पिल्लू तिच्या चोचीवर टकटक करतं.

चोच उघडते.