ढोलीतले रहिवासी

मित्रहो, "झाड पोकळ झालंय, कधीही पडेल, तोडून टाका" हे वाक्य आपल्या नाशकात दर उन्हाळ्यात ऐकू येतं. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. खोडाचा मधला गाभा तसाही मृतच असतो. पाणी आणि अन्न वाहतं ते सालीलगतच्या थरांतून. फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते, गाभा हळूहळू कुजतो. मोठी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं लागतात.

तांबट पक्षी मात्र ढोली स्वतःच कोरतो. भर दुपारी 'टुक टुक' करणारा तोच. वाळून मऊ पडलेल्या फांदीला तो बहुधा खालच्या अंगाने भोक पाडतो, त्यामुळे पावसाचं पाणी आत शिरत नाही. अंडी-पिल्लांपुरतंच नाही, एरवीही रात्रीचा मुक्काम तो ढोलीतच करतो. पिंगळा, साळुंकी, दयाळ यांना असं कोरता येत नाही. सुतारपक्षी-तांबटांनी सोडलेली किंवा आपोआप झालेली ढोली मिळाली तरच त्यांचं भागतं. उदमांजर रात्रभर हिंडून दिवसा ढोलीत झोपतं. सातेरी मधमाश्यांची पोळीही आतच असतात. जाड लाकडामुळे आतलं तापमान बाहेरच्यासारखं झपाट्याने चढत-उतरत नाही. निफाडला थंडीत द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतात, तिथे या आडोशाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता राखी धनेश या मोठ्या बाकदार चोचीच्या पक्ष्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण माझा सगळा आग्रह त्याच्यासाठी आहे. एप्रिलच्या सुमारास मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व माती लिंपून तोंड बंद करते. उरते ती चोच जाईल एवढी फट. नर वड, पिंपळ, उंबराची फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. आत असताना मादीची उडायची पिसं झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही.

आणि पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी आपण नेमकी कधी करतो? एप्रिल-मे महिन्यांत!

धोकादायक फांदी काढावीच लागते, त्याला माझी हरकत नाही. पण करवत लावण्यापूर्वी दहा मिनिटं खाली उभं राहून बघा. ढोलीची कड घासून गुळगुळीत झाली आहे का? बुंध्याशी विष्ठा, फळांच्या बिया पडल्या आहेत का? तसं असेल तर आत कुणीतरी आहे. मग शक्य असेल तिथे ती फांदी पावसाळ्यानंतर काढा. ढोली सिमेंटने बुजवू तर अजिबात नका. आत ओल कोंडते, झाड आणखी कुजतं. महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. आपल्या सोसायटीत असं झाड असेल, तर आधी ते मला दाखवायला बोलवा. मी येईन.