नाव नंतर सांगू

(दृश्य: लहान तळहातावर काडेपेटी. ती उघडते. आत लालभडक, मखमली जीव.)

मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरात ओल्या मातीवर हा जीव चालू लागतो. गावात त्याला मिरगाचा किडा म्हणतात. काही वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात, येथील जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत, फळ्यावर कीटकाची आकृती काढून बाईंनी तिच्याखाली ‘पाय सहा’ असे लिहिले होते. तिसरीतला एक मुलगा अशीच काडेपेटी घेऊन पुढे आला आणि म्हणाला, “बाई, ह्याला आठ हायती.”

बाईंनी मोजले, तर पाय खरोखरच आठ होते. नावात किडा असला तरी तो कीटक नव्हे. कोळी, विंचू, गोचीड यांच्या कुळातला तो जीव आहे. बाईंना हे त्या दिवशी ठाऊक नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्यांनी तसे सांगितलेही. त्यांच्या शिकवण्याची दिशा बदलली ती या काडेपेटीपासून, असे त्या स्वतः मानतात.

(दृश्य: बाई शाळेच्या ओट्यावर, जुनी वही चाळताना.)

मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवण्याची ही दिशा त्यांना अगदीच अनोळखी नव्हती. डी.एड.ला असताना ‘कुरणशाळा’ ही टीप त्यांनी परीक्षेसाठी पाठ केली होती. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांपर्यंत नेले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शिक्षकानेच कुरणावर जायचे आणि तेथील दगड, बिया, पाने हेच शैक्षणिक साहित्य मानायचे, हा कुरणशाळेमागचा विचार होता. महाराष्ट्रातील हजारो शिक्षकांनी ही टीप लिहून गुण मिळवले आहेत. ती लिहिताना आपल्याच गावाचे कुरण डोळ्यांसमोर यायला हवे होते, असे बाईंना आज वाटते.

(दृश्य: पायवाटेने जाणारी मुलांची रांग.)

पहिल्या वर्षी त्यांनी मुलांना बाहेर नेले खरे, पण तेथेही त्या झाडाकडे बोट दाखवून नाव सांगत आणि मुले मागोमाग ते म्हणत. परत आल्यावर मुलांना वीस नावे येत होती, पण जांभळाची पाने समोरासमोर असतात की एकाआड एक, हे एकालाही सांगता आले नाही. वर्ग फक्त उन्हात आणून बसवला होता. तेव्हापासून बाईंनी नियम केला की नाव शेवटी सांगायचे. आधी पाहायचे, हात लावण्याजोगे असेल तर हात लावायचा, वास घ्यायचा, मोजायचे, वहीत काढायचे. मग गावात त्याला काय म्हणतात हे आजी-आजोबांना विचारून यायचे, आणि पुस्तकातले नाव त्यानंतर.

(दृश्य: ओढ्याकाठचे उंबराचे झाड. बाई पात्याने उंबर उभा चिरतात. भिंगातून आतला भाग.)

हे झाड चौथीच्या मुलांच्या अभ्यासाचे आहे. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. मुलांनी घरी विचारले तेव्हा बहुतेकांना उत्तर मिळाले की ते फूल कोणाला दिसतच नाही. म्हणून बाईंनी कोवळा उंबर चिरून मुलांच्या हाती दिला. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोकळीत, आतल्या भिंतीला चिकटून, शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, परागीभवन करते आणि तेथेच अंडी घालते. पिकलेला उंबर उघडल्यावर जे किडे दिसतात आणि ज्यांच्यामुळे आपण नाक मुरडून फळ टाकून देतो, त्यांच्यातल्याच काहींच्या कामावर उंबराची पुढची पिढी उभी असते. मुले भिंगावरून भांडतात. तेवढे भांडण आम्ही चित्रीकरणात तसेच ठेवले आहे.

(दृश्य: शाळेच्या भिंतीलगत पावसाचे पाणी साठवणारी कापलेली बाटली, बाजूला पट्टी.)

गणित येथे या बाटलीपाशी चालते. रोज सकाळी एक मूल पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजते आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण तालुक्याला पाचशेच्या आसपास पावसावर भागवावे लागते. दोन्हीकडच्या मुलांचा परिसर एकाच पाठात कसा मावणार? पुस्तक वाईट नाही. मात्र परिसर अभ्यास हा विषय परिसरात न जाता शिकवला जातो, तेव्हा त्याच्या नावातला अर्धा शब्द गळून पडतो, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मुलांना असे बाहेर नेण्याबद्दल सुरुवातीला काही पालकांची तक्रार होती, ती पुढे मिटली; आणि धुवाधार पावसातही शाळेतली हजेरी टिकू लागली.

(दृश्य: कासचे पठार, सप्टेंबर. धुके. पायवाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसलेली मुले.)

कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत आले. येथे जांभ्याच्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि त्यात पोषणद्रव्ये कमी आहेत. म्हणूनच सीतेची आसवं ही जांभळ्या फुलांची नाजूक वनस्पती ओल्या मातीतल्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून ती उणीव भरून काढते. मुले वाट सोडत नाहीत, फूल तोडत नाहीत. वहीत फक्त चित्र काढतात.

पठाराच्या कडेला टोपली कारवी आहे. ती सात वर्षांनी एकदाच फुलते. ही शाळा चौथीपर्यंतच आहे, आणि बाईंचीही बदली कधीतरी होणारच. पहिलीत फुलोरा पाहिलेले मूल पुढचा फुलोरा पाहील तेव्हा आठवीत, दुसऱ्या गावच्या शाळेत असेल. म्हणून कारवीची वही कोणा एकाच्या दप्तरात जात नाही.

(दृश्य: शाळेचे लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात वह्यांचा गठ्ठा. एक मुलगी आजची वही त्यावर ठेवते आणि दार लावते.)