पत्री सरकारचा अर्धा राहिलेला हिशेब

हे कुंडल. आज सांगली जिल्ह्यात, पण १९४३ साली हे गाव औंध संस्थानात होतं आणि भोवतालचा पट्टा सातारा जिल्ह्यात. वाळवा, तासगाव, खानापूरही त्यातच. बेचाळीसच्या आंदोलनातले भूमिगत कार्यकर्ते इथल्या मळ्यांमध्ये लपले आणि लपता लपता त्यांनी राज्यच चालवायला घेतलं. प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार. सुमारे दीडशे गावांत त्याचा अंमल होता.

पुढारी नाना पाटील. एकेकाळचे तलाठी, सत्यशोधक विचारात मुरलेले. सातबारा कोणाच्या नावावर कसा फिरतो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

तळपायाला पत्रे ठोकल्याच्या गोष्टी लोक आजही रंगवून सांगतात. आम्हाला जास्त मोलाची वाटतात ती न्यायमंडळं. रात्री, गावकऱ्यांच्या समोर, वकिलाशिवाय निवाडे होत. सावकाराच्या घशात गेलेल्या जमिनी परत मिळत. कमी खर्चात गांधी विवाह लागत. दारूला बंदी. तुफान सेनेची, म्हणजे प्रतिसरकारच्या स्वयंसेवक दलाची, पोरं पहाऱ्याला. कोर्टकचेरी फिरंग्याची असली तरी फिर्याद मात्र इकडे येत होती.

डाव्या अभ्यासकांना यात शेतकऱ्यांच्या सत्तेचा उगम दिसतो, आणि ते खरंही आहे. पण अर्धंच. गहाण जमीन सुटली, ती ज्याची होती त्याची. ज्याच्याकडे मुळात जमीनच नव्हती, त्या महारवाड्या-मांगवाड्यातल्या माणसाच्या नावावर काय आलं? जमिनीच्या फेरवाटपाला प्रतिसरकारने हात घातला नाही.

स्वातंत्र्यानंतर ही माणसं पांगली. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत यशवंतराव चव्हाण कऱ्हाडची विधानसभा जेमतेम राखू शकले. तेही बेचाळीसचे भूमिगत, आणि तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या डाव्या विचाराकडे ओढले गेलेले! चव्हाणांच्या काँग्रेसने सहकारी साखर कारखान्यांना बळ दिलं. नागनाथअण्णा नायकवडी प्रतिसरकारातलेच आणि काँग्रेसबाहेरचे, पण वाळव्यात कारखाना त्यांनीही काढला आणि त्याला नाव दिलं प्रतिसरकारचे हुतात्मा किसन अहिर यांचं. उसाला पाणी लागतं, आणि पाणी जमीनवाल्याच्या बांधापर्यंतच पोचत होतं.

भूमिहीनाचा प्रश्न पुन्हा वर आला तो येरळा नदीत, ऐंशीच्या दशकात. दुष्काळी खानापूर तालुक्यात ठेकेदार वाळू उपसत होते. तांदुळवाडी, बलवडीचे लोक उठले. कार्यकर्ते भारत पाटणकर आणि त्यांची मुक्ती संघर्ष चळवळ त्यांच्यासोबत होती. मागणी अशी की नदी आमची, वाळू आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. श्रमदानाची जोड देऊन उभं राहिलं बळीराजा स्मृती धरण. वाटपाचा नियम गावानेच ठरवला. पाणी एकराच्या हिशेबाने द्यायचं नाही. प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, ज्याला वावर नाही त्यालाही.

१९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदेत हीच मागणी कृष्णेच्या पाण्यासाठी होऊ लागली. टेंभू उपसा सिंचन योजनेतून ते पाणी आता माणदेशात चढतं. सरकारी पाणीपट्टीचा अर्ज मात्र अजूनही जमिनीचा गट नंबर विचारतो.