लेबलावरचं गाव कोण ओळखणार?

मंडळी, कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले भुसा भरलेले वाघ आपण सगळ्यांनीच शाळेच्या सहलीत बघितलेत, पण शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये हर्बेरियम आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हर्बेरियम म्हणजे काय, तर वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांचा संग्रह. प्रत्येक नमुन्याला साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर दाबून वाळवलेली फांदी, बिया सुट्या झाल्या असतील तर त्या कागदाच्या पुडीत, आणि उजवीकडे खाली लेबल, त्यावर झाडाचं नाव, कुठं सापडलं, तारीख, कुणी गोळा केलं.

याचे चांगले फोटो काढून ते सगळ्यांसाठी खुले करायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं. 2016 ला दिल्लीचं नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्री जळालं, 2018 ला ब्राझीलचं राष्ट्रीय म्युझियम जळालं, आणि आपल्याकडं आग नको, पावसाळ्यातली ओल आणि बुरशीच पुरते. दुसरं म्हणजे डाल्झेलसारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सह्याद्रीतून नेलेले नमुने आज लंडनच्या क्यू गार्डनमध्ये आहेत, गारगोटीच्या पोरीनं ते बघायला विमानानं जायचं काय?

पण नुसता फोटो काढून भागत नाही. लेबल टाइप करावं लागतं, त्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकावे लागतात, मगच जीबीआयएफसारख्या, म्हणजे सजीवांच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवणाऱ्या जागतिक साइटवर कुणी नकाशावर शोधलं तर ते सापडतं. आणि खरी गंमत इथंच आहे बघा. समजा लेबलवर 'वाडी रत्नागिरी' लिहिलंय. कॉम्प्युटर ते झाड बिनधास्त घाट उतरवून कोकणात नेऊन ठेवणार! आपल्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल की हे जोतिबाच्या डोंगरावरचं गाव, पन्हाळा तालुक्यातलं. आता उद्या कुणी अभ्यास करायला बसलं की पूर्वी हे झाड कुठं होतं, कधी फुलायचं, आता कुठं उरलंय, तर त्याचा अख्खा नकाशाच चुकला ना.

हां, एक काळजी घ्यायची. कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ झाडांची नेमकी जागा उघड करायची नाही, लोक कंद उकरून नेतात, तिथं फक्त तालुका दाखवायचा.

पॅरिसच्या म्युझियमनं लेबलं वाचायला सरळ सामान्य लोकांनाच ऑनलाइन बोलावलं, घरबसल्या टाइप करा म्हणून. आपल्याला का जमू नये? राधानगरी-दाजीपूरच्या वाड्यावस्त्या तोंडपाठ असलेले रिटायर्ड वनरक्षक आहेत, मास्तर आहेत, धरणात गेलेली गावं कुठं होती ते बोट दाखवून सांगणारी माणसं अजून आहेत. ही लेबलं आधी त्यांच्यासमोर ठेवा, स्कॅनरचं कोटेशन नंतर मागवा.